फीचं काय करायचं?

बारावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर शोधताना एक क्रम लक्षात ठेवा.

१) आधी शिष्यवृत्ती : अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालतं. उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, हे सगळं निकालाआधीच तयार ठेवा. पात्र असूनही दाखल्याअभावी अर्ज अडतो. आणि अर्ज दरवर्षी पुन्हा करावा लागतो, हे विसरू नका.

२) मग कमवा आणि शिका : कर्मवीर भाऊराव पाटलांनी दाखवलेली ही वाट. कॉलेजच्या ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करायचं आणि त्याचं मानधन घ्यायचं. यात कमीपणा कसला?

३) शेवटी शैक्षणिक कर्ज : हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज आधीपासून चढतं. म्हणून गरजेपुरतंच घ्या.

कॉलेज सोडायचा विचार मनात आला, तर आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा. न विचारल्यामुळे वर्ष वाया जायला नको.