जोडपाटी : गरजेनुसार वाढणारा फळा

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव हे नावाप्रमाणेच पेठेचे गाव आहे. सेनापती धनाजी जाधव यांची समाधी येथे असल्याने इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. आसपासच्या खेड्यांना ते बाजाराचे ठिकाण म्हणून अधिक जवळचे वाटते. अशा पेठेच्या गावात सुतार, पत्राकाम करणारे कारागीर आणि रंगारी सहज मिळतात. परिसरातील खेड्यांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा, अंगणवाड्या व ग्रामपंचायतीची कार्यालये आहेत. या कारागिरांचे कौशल्य आणि या संस्थांची एक नित्याची गरज यांची सांगड घालणारे साधन म्हणजे सुट्या तुकड्यांचा, हवा तेवढा वाढविता येणारा फळा. यातील प्रत्येक तुकड्यास 'जोडपाटी' म्हणता येईल. तिची रचना, उपयोग आणि मर्यादा यांचा विचार येथे केला आहे.

धूळपाटीपासून फळ्यापर्यंत

लिहिण्याच्या पृष्ठभागाचा इतिहास आपल्या भाषेतच साठविलेला आहे. मुलाची पहिली अक्षरे म्हणजे 'धुळाक्षरे'. फळीवर बारीक धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे आणि हाताने पुसून पुन्हा गिरवावयाचे, अशी ही पद्धत होती. जुन्या गणितग्रंथांत अंकगणितास 'पाटीगणित' हे नाव आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' (इ. स. ११५०) याच परंपरेतील होय. गणिताच्या एका शाखेला पाटीवरून नाव मिळावे, यातच या साध्या साधनाचे महत्त्व आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्रयू बेल यांनी देशी शाळांतील मुले वाळूवर अक्षरे गिरवीत असल्याचे पाहिले आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाद्वारे त्यांनी ती इंग्लंडपर्यंत पोहोचविली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी एडिंबरोच्या रॉयल हायस्कूलचे प्रमुख जेम्स पिलान्स यांनी भूगोल शिकविण्यासाठी काळा फळा व रंगीत खडू यांचा वापर केला. लहान पाट्या एकत्र जोडून मोठा फळा करण्याची कल्पना याच सुमारास निघाली, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे फळ्याच्या जन्मकथेतच जोडपाटीचे बीज आढळते.

पुढे मात्र पाटी आणि फळा यांची फारकत झाली. पाटी मुलाच्या मांडीवर राहिली व फळा शिक्षकांच्या मागे भिंतीवर गेला. पाटीवरचे लेखन एकट्याचे, तर फळ्यावरचे सर्वांचे. फळ्यावर लिहिण्याचा अधिकार प्रायः शिक्षकांकडेच राहिला.

फळा मिळाला, पुढे काय ?

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. शाळा खेड्यापाड्यांत पोहोचविण्याचा हा प्रयत्न आपल्या काळाच्या फार पुढे होता. स्वातंत्र्यानंतर शाळांची संख्या वाढली. तथापि अनेक शाळांत किमान साधनेही नव्हती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार १९८७-८८ पासून सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व आवश्यक साहित्य देण्याचे उद्दिष्ट ठेवले. मोहिमेच्या नावातच फळा असावा, हे त्या वेळच्या उणिवेचे निदर्शक होते.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षक असतात. साहजिकच लहान गावात एका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळाव्या लागतात. समोर एकच फळा असतो. तिसरीच्या वजाबाकीसाठी तो पुसला की दुसरीचे शब्द जातात. शिवाय तो जमिनीपासून मीटरभर उंचीवर बसविलेला असतो. पहिलीतील मुलाची उंची साधारणपणे ११० ते ११५ सेंटिमीटर असते. फळ्याच्या खालच्या कडेपलीकडे त्याचा हात फारसा पोहोचत नाही.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात परिसरात मिळणारे खडे, शिंपले, बिया आणि पाने हेच शैक्षणिक साहित्य ठरले. साधन स्वस्त असावे, मुलाच्या हाती लागावे आणि गावातच तयार व्हावे, हा त्या कार्याचा धडा आहे. अलीकडच्या काळात 'बाला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकल्पनेने शाळेची भिंत, पायरी आणि दरवाजा यांना शिकण्याचे साधन बनविले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी वर्गाच्या फरशीवर आखणी करून मुलांना जमिनीवर लिहिण्यास मोकळीक दिली. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, त्या वेळी राज्यभरातील शिक्षकांनी या शाळा पाहिल्या.

या प्रयत्नांचे अनुकरण करताना एक धोका संभवतो. भिंतीवर तैलरंगात रंगविलेला तक्ता पाहुण्यांना सुंदर दिसतो. परंतु त्यात मुलाला भर घालता येत नाही. वर्षानुवर्षे तोच तक्ता समोर राहिल्याने तो दिसेनासा होतो. लिहिता, पुसता आणि हलविता येणारी भिंत ही शाळेची खरी गरज आहे.

रचना

जोडपाटीची रचना अवघड नाही. प्रत्येक पाटी ३० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असावी. सहा पाट्यांच्या चार ओळी लावल्या की २४ पाट्यांचा १.८ मीटर बाय १.२ मीटरचा, म्हणजे नेहमीच्या वर्गाला पुरेसा फळा तयार होतो. दोन इयत्ता असतील तर बारा-बारा पाट्यांचे दोन फळे होतात. गटकार्याच्या वेळी चार-चार पाट्यांचे सहा गट बसू शकतात.

पाटीसाठी ९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड व त्यावर सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा घ्यावा. अशी एक पाटी साधारण ८५० ग्रॅम वजनाची होते. २४ पाट्यांचे एकूण वजन सुमारे २० किलोग्रॅम भरते. अखंड फळ्याचे वजनही तेवढेच. पण तो उचलण्यास दोन माणसे लागतात, तर जोडपाटी लहान मूल नेऊ शकते.

लोखंडी पत्र्यावर फळ्याचा काळा रंग दिला की खडूने लिहिता येते आणि लोहचुंबकाने कागदही लावता येतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यास व भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. जस्ताच्या मुलाम्यावर थेट दिलेला रंग लवकरच पोपडे धरतो. म्हणून आधी त्यासाठीचा योग्य प्रायमर लावणे अगत्याचे आहे. पत्र्याची धार मुलांच्या हातास लागू नये यासाठी कड मागील बाजूस मुडपून घ्यावी. प्लायवूडच्या उघड्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत, अन्यथा पावसाळ्यात त्या ओलावा शोषून फुगतात.

जोड देण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पाटीच्या दोन कडांना खाच व दोन कडांना पुढे आलेली पट्टी असते. ही पाटी ठराविक दिशेनेच बसते आणि पट्टी मोडली की ती निरुपयोगी होते. दुसऱ्या रीतीत चारही कडांना सारखीच खाच ठेवून दोन पाट्यांच्या मध्ये सुटी लाकडी पट्टी सरकविली जाते. येथे कोणतीही पाटी कोणत्याही जागी बसते आणि मोडलीच तर केवळ पट्टी बदलावी लागते. शाळेसाठी ही दुसरी रीत श्रेयस्कर होय.

मापातील काटेकोरपणा हा येथे कळीचा मुद्दा आहे. प्रत्येक पाटीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर सहाव्या पाटीपर्यंत ती सहा मिलिमीटर होते आणि पुढची ओळ जुळत नाही. सर्व पाट्या एकाच साच्यावर कापाव्यात व ठरलेल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान ठेवाव्यात. पाट्यांचा भार एकमेकींवर न टाकता भिंतीवर आडव्या बसविलेल्या लाकडी पट्ट्यांवर टाकावा. या पट्ट्यांची वरची कड भिंतीकडे उतरती, तिरकी कापलेली असावी आणि पाटीच्या मागे तशीच उलटी पट्टी असावी. पाटी वरून अडकविली की ती आपल्याच वजनाने घट्ट बसते.

देवनागरीचा विचार

परदेशी नमुन्याची नक्कल करताना आपल्या लिपीचा विसर पडू नये. देवनागरीत शिरोरेषा अखंड चालते. दोन शेजारच्या पाट्यांमधील उभ्या सांध्यावरून ती जाणारच. दोन्ही पाट्यांची पातळी समान नसेल, तर तेथे खडू अडखळतो. आडव्या सांध्याची गोष्ट वेगळी आहे. तो दोन ओळींच्या मधोमध आला पाहिजे, अन्यथा वेलांटी एका पाटीवर व अक्षर दुसऱ्या पाटीवर असा प्रकार होतो.

सहा मीटर अंतरावरील मुलास सुखाने वाचता यावे यासाठी अक्षर सुमारे पाच सेंटिमीटर उंच असावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून एका ओळीस दहा सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पाटीवर नेमक्या तीन ओळी बसतात आणि चार ओळींच्या फळ्यावर बारा. पाटीच्या कडेवर दर दहा सेंटिमीटरला बारीक खूण केल्यास हस्ताक्षराच्या सरावासही मदत होईल.

वर्गातील उपयोग

जोडपाटी हातात असते तेव्हा ती पाटी असते. तीच भिंतीवर गेली की फळा होते. पहिलीच्या मुलांसाठी जमिनीपासून ४५ ते १०५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात पाट्यांच्या दोन ओळी लावाव्यात. तेथे मूल उभे राहून लिहू शकते. तिसरीतील आठ मुलांनी एकेका पाटीवर एकेक वाक्य लिहिले व ती क्रमाने लावली की गोष्ट तयार होते. क्रम चुकला तर काहीही न पुसता पाट्यांची अदलाबदल करता येते. वाक्यरचना, कालक्रम, संख्यांचा चढता-उतरता क्रम आणि अपूर्णांक हे विषय अशा हलत्या पृष्ठभागावर अधिक स्पष्ट होतात. चौथीच्या वर्गाने गावाचा नकाशा नऊ पाट्यांवर विभागून काढला, तर जोडताना एका पाटीवरचा रस्ता शेजारच्या पाटीवरील रस्त्याला मिळतो की नाही, हे मुलांना स्वतःच तपासता येते.

यात मुख्य लाभ असा की, जे मूल फळ्यापर्यंत कधी बोलावले जात नाही, त्याचेही लेखन वर्गासमोर येते. चूक झाली तरी ती एका पाटीपुरती राहते.

ग्रामपंचायतीचा फलक

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपल्या कामाची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे आणि त्यासाठीच्या माध्यमांत सूचनाफलकाचाही उल्लेख आहे. रंगविलेला मोठा फलक मात्र लवकर शिळा होतो. आकडा बदलला की रंगारी बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत जुनाच आकडा लोकांसमोर राहतो.

येथे प्रत्येक कामास एक जोडपाटी द्यावी. तीवर कामाचे नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि पूर्ततेची अपेक्षित तारीख लिहावी. फलकाचे 'मंजूर', 'चालू' व 'पूर्ण' असे तीन उभे भाग करावेत. काम पुढे सरकले की पाटी पुढच्या भागात जाते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत 'मंजूर' भागात असलेली पाटी १५ ऑगस्टलाही तेथेच असेल, तर ते सांगण्यासाठी कोणाला उठून बोलावे लागत नाही. वाचता न येणाऱ्या ग्रामस्थालाही पाटी हलली नाही एवढे दिसते. पंचायतीलाही याचा लाभ आहे. काम का अडले हे पाटीवरच एका ओळीत लिहिले, तर अकारण होणारा संशय टळतो.

वारणा व पंचगंगा यांच्या काठच्या गावांना २०१९ व २०२१ च्या महापुरांचा अनुभव आहे. अशा गावांत सुट्या पाट्या भिंतीवरून काढून वेळीच माळ्यावर ठेवता येतील. निवारा केंद्रात कुटुंबांची यादी, औषधे आणि वाहनांची वेळ लिहिण्यासाठी त्या उपयोगी पडतील.

मर्यादा

कोणतेही साधन शिक्षकाची जागा घेत नाही. सुट्या वस्तू हरवतात, म्हणून प्रत्येक पाटीच्या मागे क्रमांक घालून नोंदवहीत नोंद करावी. सांध्यांत खडूची भुकटी साचते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाट्या पुसण्याचे काम मुलांच्या गटांकडे सोपवावे. खिडकीसमोरच्या भिंतीवर चकाकी येते, तेथे फळा लावू नये. सध्याचा अखंड फळा काढून टाकण्याचे कारण नाही. जोडपाट्या त्याला पूरक ठरतील.

सर्व पाट्या एकदम करण्याचीही गरज नाही. गावच्या सुताराकडून बारा पाट्या करवून एका वर्गात सहामाही वापरून पाहाव्यात. शिक्षक, मुले आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या अनुभवानुसार माप व जोड यांत सुधारणा करावी आणि मग संख्या वाढवावी. हळूहळू वाढविता येणे हाच या साधनाचा विशेष गुण आहे. साचा मात्र पहिल्याच दिवशी नीट करून शाळेत जपून ठेवावा. तो जवळ असेल तर पाच वर्षांनी केलेली पाटीही पहिल्या पाटीशेजारी चपखल बसेल.