भेद वाढविणारा खेळ आणि भेद घालविणारा खेळ

सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन आपण सारेच ऐकतो. कोणाची दशमी, कोणाची शिळी भाकरी, कोणाचे नुसतेच ताक. देवाने सगळ्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या आणि कोणाचे कोणते हे ओळखू येईनासे झाले. हे मी चाळीस वर्षे सांगत आलो. परंतु मुलांचा खेळ कसा मांडला म्हणजे त्यांच्यातील तेढ जाते आणि कसा मांडला म्हणजे वाढते, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. तो करणे भाग पडले ते माझ्याच चुकीने.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत एका गावी मुलांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग घेतला. सकाळी हरिपाठ, दुपारी कथा, संध्याकाळी खेळ. तीस-पस्तीस पोरं जमली. गावात वरची आळी आणि खालची आळी; याचा अर्थ काय तो महाराष्ट्रात कोणाला फोडून सांगावा लागत नाही. एके दिवशी मी रस्सीखेच ठेवली आणि म्हटलं, आपापले गडी निवडा. गडी निवडले गेले ते आळीप्रमाणेच. जिंकणाऱ्यांना टाळांची जोडी बक्षीस. झालं! रस्सी ओढता ओढता तोंडं सुटली. जे शब्द घरात ऐकलेले होते तेच बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पंगतीत दोन रांगा पडल्या आणि तिसऱ्या दिवसापासून खालच्या आळीचे एकही पोर आले नाही.

मग मी काय केले? समतेवर कीर्तन केले. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आले. पोरांवर परिणाम शून्य.

माझी पुतणी शाळेत शिक्षिका आहे. तिला ही हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "काका, पोरं वाईट नाहीत. तुम्ही खेळच असा मांडलात की एकाचं भलं व्हायचं तर दुसऱ्याचं वाईटच व्हायला हवं." आणि तिने मला एका प्रयोगाची माहिती वाचावयास दिली.

हा प्रयोग १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील रॉबर्स केव्ह या ठिकाणी झाला. मुझफर शेरीफ हे मूळचे तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अकरा वर्षांची बावीस मुले उन्हाळी शिबिरास नेली. सगळी एकाच थरातील, एकाच वर्णाची. त्यांचे दोन गट पाडले. गटांनी आपापली नावे स्वतः ठेविली; एक गरुड, दुसरा रॅटलर, म्हणजे शेपटी वाजविणारा विषारी साप. (कद्रू-विनतेची कथा त्या पोरांना कोण सांगणार? तरी नावे नेमकी तीच निघाली!) मग दोघांत सामने लावले. चेंडूफळीसारखा त्यांचा बेसबॉल, रस्सीखेच वगैरे. जिंकेल त्याला चषक, पदके आणि चाकू. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, एकमेकांचे झेंडे जाळले गेले, खोल्यांवर धाडी पडल्या. पूर्वीचे वैर काहीही नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. प्रथम दोन्ही गटांना नुसते एकत्र बसविले, एकत्र जेवू घातले. तेढ गेली नाही. उलट अन्न एकमेकांवर फेकले. नुसत्या सहपंक्तीवर आपला फार भरवसा असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्यानंतर अशा अडचणी उभ्या केल्या की एका गटाच्याने त्या सुटूच नयेत. शिबिराचे पाणी बंद पडले. ते कुठे अडले हे सर्वांनी मिळून शोधले. सिनेमा आणावयास पैसे अपुरे पडले; दोन्ही गटांनी वर्गणी काढली. अन्न आणणारी मोटार सुरू होईना. तेव्हा जी रस्सी एकमेकांविरुद्ध ओढली होती तीच मोटारीला बांधून सगळ्यांनी मिळून ओढली. एका प्रसंगाने काम झाले नाही. पाण्याचा प्रश्न सुटल्यावरही टोमणे पुन्हा सुरू झाले होते. असे एकामागून एक प्रसंग आल्यावर मात्र मन पालटत गेले. परत जाताना मुलांनी एकाच गाडीतून जाण्याचे ठरविले.

आमच्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हार-जीत असता तेढ वाढली, सर्वांचे हित एकत्र बांधले असता ती ओसरली.

आता पूर्वपक्ष असा की, ही सारी मुले एकाच जातकुळीची. जेथे शतकांचा भेद आहे तेथे हे कसे लागू पडावे? आक्षेप योग्य आहे. आणखी एक गोष्ट लपवू नये. मुलांना हा प्रयोग आहे हे सांगितलेले नव्हते. शिवाय १९५३ साली अशाच एका शिबिरात मुलांनी व्यवस्थापकांवरच संशय घेतला आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. मुले समजतात तेवढी भोळी नसतात.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर काही अंशी ऑस्टिन शहरात मिळते. टेक्सास राज्यातील या गावी गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणले आणि भांडणे सुरू झाली. १९७१ साली इलियट अॅरन्सन यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले, धडा तितक्याच तुकड्यांत फाडला आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र सगळ्या धड्याची! ज्या मुलाला नीट बोलता येत नाही त्याची थट्टा करावी तर त्याच्यापाशी असलेला तुकडा बुडतो. म्हणून मुले त्याला धीर देऊन विचारू लागली. आपला अंधपंगुन्याय तो हाच. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घेतले ते उपकार म्हणून नव्हे. वाट दोघांनाही कापावयाची होती.

हे वाचल्यावर माझ्या मनात आले, अरे, हे आपल्याकडे नाही असे थोडेच आहे! तुकोबारायांच्या गाथेत फुगडी आहे, टिपरी आहे, हमामा आहे. वारीत फुगडी धरतो तेव्हा दोघेही मागे झुकतात. एकाने हात सोडला की दोघेही पडतात. त्यात जिंकणार कोण? मी मात्र हे सोडून रस्सी आणि बक्षीस घेऊन बसलो होतो.

पुढच्या वर्षी खालच्या आळीत स्वतः गेलो, घरोघर चूक कबूल केली आणि पोरं मागून आणली. सगळी नव्हे, निम्मी आली. गट चिठ्ठ्या टाकून पाडले. पहिला खेळ गोणपाटांचा. संगीत खुर्ची सर्वांना ठाऊक आहे; तिच्यात जागा गेली की माणूस जातो. कॅनडातील टेरी ऑर्लिक यांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात अशा खेळांचा फेरपालट सांगितला आहे : जागा कमी करा, माणूस काढू नका. आम्ही मृदंगावर तेच केले. शेवटी एका गोणपाटावर बारा पोरं, एकमेकांना धरून, हसून बेजार!

दुसरे, दामाजीपंतांची कथा पाच तुकड्यांत दिली. देव विठू महाराच्या रूपाने बेदरच्या बादशहाकडे पैसे भरतो, हा तुकडा चिठ्ठीने वरच्या आळीच्या एका मुलाकडे गेला. तो सांगताना नुसते "विठू" म्हणून थांबला. तेव्हा खालच्या आळीचा एक पोरगा म्हणाला, "पुरतं नाव सांग की. पैसे कुणी भरले ते आम्हाला लिहायचंय." तो मुलगा लाल झाला, पण पुरते नाव सांगितले. सगळ्यांनी लिहून घेतले. मी त्यावर काहीही बोललो नाही. माझ्यासारख्या बोलघेवड्याला ते जड गेले.

ज्यांना हे करावयाचे असेल त्यांनी एवढे पाहावे की प्रमुखाने स्वतः भेद पाळता कामा नये. १९५४ सालीच गॉर्डन ऑलपोर्ट यांनी लिहून ठेवले आहे की समान दर्जा, समान ध्येय, परस्परांचे साहाय्य आणि वडीलधाऱ्यांचा पाठिंबा असेल तर सहवासाने पूर्वग्रह कमी होतो. आमच्याकडे चौथ्यातच उणे आहे. खेळ संपवून पोर घरी जाते आणि ओसरीवर आजोबा बसलेले असतात.

गेल्या वर्षी त्याच रस्सीने मंदिरामागच्या विहिरीचा गाळ काढला; खाली मोठी माणसे, वर रस्सीला दोन्ही आळ्यांची पोरं. काल्याला एकोणतीस शिदोऱ्या आल्या. वरच्या आळीतील दोन घरांनी मुले धाडली नाहीत. त्यांतला एक मुलगा खेळाच्या वेळी पारावर येऊन बसतो, मृदंग सुरू झाला की पायाने ठेका धरतो. त्याच्या आजोबांकडे मी दोनदा जाऊन आलो आहे. आषाढी झाली की पुन्हा जाणार आहे.