आधी कार्ड उलटं कर

अगं, आधी तो लॅपटॉप मिट बघू. इन्शुरन्सच्या साइटवरची थेरपिस्टांची यादी रात्री बाराला उघडून बसलीस तर रडूच येणार. खरं सांगू का, त्यातले बरेच जण नवे पेशंट घेत नसतात, काहींनी तो प्लॅन कधीच सोडलेला असतो, काहींचा नंबरच बंद. इथे अमेरिकेत याला चक्क नाव आहे, 'घोस्ट नेटवर्क'. तुझं काही चुकलेलं नाही.

आता इन्शुरन्सचं कार्ड काढ आणि उलटं कर. मागे पुष्कळदा 'बिहेवियरल हेल्थ'चा, म्हणजे मनाच्या उपचारांचा, वेगळा नंबर असतो बघ. तो भाग कधीकधी वेगळीच कंपनी सांभाळते, म्हणून तिथेच फोन लाव. कोपे (दर भेटीला तू भरायची रक्कम) किती, डिडक्टिबल (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी तू भरायची रक्कम) किती आणि त्यातलं किती भरून झालंय, व्हिडिओवरच्या सेशनलाही तोच दर का, हे विचार. बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वाणसामानाच्या वहीत का होईना, पण लिहून ठेव. उच्चारांची लाज नको गं. मी स्पेलिंग सांगताना 'एन फॉर नाशिक' म्हणाले होते. पलीकडची बाई क्षणभर गप्प झाली, पण काम झालं.

थेरपिस्टला विचारताना 'माझा इन्शुरन्स घेता का' एवढ्यावर थांबायचं नाही. एकाच कंपनीचे ढीगभर प्लॅन असतात. कार्डावरचं पूर्ण नाव वाचून दाखव आणि 'या प्लॅनमध्ये तुम्ही इन-नेटवर्क आहात का' असंच विचार. नाहीतर क्लेम परत येतो आणि बिल तुझ्या दारात. शिवाय त्यांना तुझ्या राज्यात प्रॅक्टिस करायची परवानगी हवी. पुण्याच्या मावशींनी सुचवलेल्या बाई कितीही गुणी असल्या, तरी इथला प्लॅन त्यांचे पैसे बहुधा देणार नाही.

कोणीच मिळालं नाही तर गप्प बसू नकोस. कंपनीलाच म्हण, तुम्ही शोधून द्या, नाहीतर 'नेटवर्क गॅप एक्सेप्शन' द्या. ते मिळालं तर बाहेरच्या थेरपिस्टकडेही आतल्या दराने जाता येतं. मनाच्या उपचारांना शरीराच्या उपचारांपेक्षा कडक अटी लावायच्या नाहीत, असा २००८ चा पॅरिटी कायदाच आहे.

आणि तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात असेल ते सांगते. प्लॅन नवऱ्याच्या नोकरीचा असेल तर 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' हा कागद बहुधा त्याच्या नावे येतो. त्यावर तारीख, कोणाकडे गेलीस आणि रक्कम असते. तू आत काय बोललीस ते नसतं. तरी नको असेल तर कंपनीकडे 'कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन' माग, म्हणजे कागद दुसऱ्या पत्त्यावर येतील. 'त्याला कळलं तर मला धोका आहे' असं सांगितलंस, तर तुझी रास्त मागणी त्यांना मानावी लागते. त्याच्या ऑफिसात ईएपी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची मदत-योजना, असेल तर तेही बघ. सुरुवातीची काही सेशन्स फुकट असतात, बहुतेक ठिकाणी घरच्यांनाही.

मधेच अगदी सहन होईना झालं, तर ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन कर. दिवसरात्र चालू असतो, कार्ड लागत नाही.

उद्या सकाळी चहा झाला की पहिला फोन. होल्डवर ठेवलं तर स्पीकर लावून भाजी निवडत बस, पण फोन ठेवू मात्र नकोस.