फ्रेमवर्क म्हणजे काय? : नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी



बी.सी.ए., बी.एस्सी. किंवा संगणकाची पदविका करणारी आपली मुले-मुली आज केवळ जालना शहरातच नव्हे, तर अंबड, परतूर, मंठा, भोकरदन या तालुक्यांतील खेड्यापाड्यांतही आहेत. त्यांना पायथन भाषेतील लूप, फंक्शन, यादी इतके येते. परंतु मुलाखतीत "कोणते फ्रेमवर्क येते?" असे विचारले की पुष्कळांची गाडी तिथेच अडते. म्हणून या शब्दाचा अर्थ आणि मुंबईत तयार झालेल्या एका फ्रेमवर्कची प्राथमिक ओळख येथे करून देण्याचे योजिले आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर व बँकेतील लिपिक असल्याने दाखले खातेवहीचे आले आहेत, ते वाचकांनी चालवून घ्यावेत.

बँकेत नवा लिपिक रुजू होतो तेव्हा व्हाउचरचा नमुना, रजिस्टरचे रकाने, कोणी लिहायचे व कोणी तपासून सही करायची हे सर्व आधीच ठरलेले असते. त्याने फक्त आपल्या जागी आपले काम करायचे. फ्रेमवर्क म्हणजे अशी आधीच उभी केलेली कचेरी. लॉगिन, पासवर्ड, माहिती साठविणे, यादी दाखविणे, शोधणे ही प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी कामे त्यात तयार असतात. लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांत मुले नेहमी गोंधळ करतात. लायब्ररीतील फंक्शन आपण हवे तेव्हा बोलावतो. फ्रेमवर्कमध्ये उलटे आहे. आपण लिहिलेले फंक्शन ठरलेल्या वेळी फ्रेमवर्कच बोलावते.

मुंबईचे रुषभ मेहता यांनी कौटुंबिक फर्निचर व्यवसायाचा कारभार संगणकावर आणण्याच्या गरजेतून जे काम सुरू केले, त्यातून ईआरपीनेक्स्ट हे हिशोब, साठा, पगार सांभाळणारे सॉफ्टवेअर आणि त्याच्या तळाशी असलेले फ्रॅपे फ्रेमवर्क तयार झाले. त्यांची कंपनी 2008 सालची. फ्रॅपे हे पायथन व जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेले असून माहिती मारियाडीबी या डेटाबेसमध्ये ठेवते. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणीही वाचावा, बदलावा, वापरावा. फी नाही, परवानगीचा अर्ज नाही. ज्या घरात पुस्तकालाही पैसे मोजून घ्यावे लागतात, त्या घरातील मुलाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आपण विहारातील ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. (फ्रॅपेच्या अधिकृत इंग्रजी पाठातही ग्रंथालयाचेच उदाहरण आहे, त्यामुळे पुढचा अभ्यास सोपा जाईल.) प्रथम लिनक्स असलेल्या संगणकावर 'बेंच' नावाचे साधन बसवावे. विंडोज असेल तर त्यात लिनक्सची उपव्यवस्था घेता येते. 'बेंच न्यू-साइट' या आज्ञेने साइट तयार होते, 'बेंच न्यू-अ‍ॅप' ने आपले अ‍ॅप. ते अ‍ॅप साइटवर बसवून डेव्हलपर मोड सुरू करावा. 'बेंच स्टार्ट' दिल्यावर ब्राउझरमध्ये काम सुरू.

आता मुख्य गोष्ट : डॉकटाइप. डॉकटाइप म्हणजे छापील फॉर्मचा नमुना. 'पुस्तक' या डॉकटाइपमध्ये शीर्षक, लेखक, किंमत असे रकाने आपण पडद्यावरच मांडतो. जतन करताच डेटाबेसमध्ये टेबल तयार होते, भरायचा फॉर्म तयार होतो, यादीही तयार होते. एक ओळ कोड न लिहिता! डॉकटाइपचे व रकान्याचे अंतर्गत नाव इंग्रजीत ठेवावे, लेबल मात्र खुशाल मराठीत द्यावे.

मग 'सभासद' आणि 'देवघेव' हे डॉकटाइप करावेत. देवघेवीत सभासदाचे नाव हाताने लिहू नये, तो रकाना 'लिंक' प्रकारचा ठेवावा. आपल्या जुन्या रजिस्टरांत एकाच माणसाचे कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी असते. संगणकाच्या हिशेबी ती दोन माणसे होतात. लिंक रकान्यात सभासदांच्या यादीतीलच नाव निवडावे लागते.

एका सभासदाला दोनच पुस्तके द्यायची असा नियम असेल तर कोड लागतो. देवघेवीच्या पायथन फाइलमध्ये 'व्हॅलिडेट' नावाचे फंक्शन लिहायचे, त्यात त्या सभासदाकडील पुस्तके मोजायची, आणि आधीच दोन असतील तर 'फ्रॅपे डॉट थ्रो' ने सूचना देऊन काम थांबवायचे. हे फंक्शन आपण कुठेही बोलावत नाही. नोंद जतन होण्यापूर्वी फ्रॅपे ते स्वतः बोलावते. वर सांगितलेला फरक इथे प्रत्यक्ष दिसतो.

मला सर्वांत आवडलेला भाग निराळाच आहे. डॉकटाइपला 'सबमिट' करण्याजोगा अशी खूण केली की प्रत्येक नोंदीला तीन अवस्था येतात : 0 म्हणजे कच्ची, 1 म्हणजे पक्की, 2 म्हणजे रद्द. पक्की नोंद साधारणपणे बदलता येत नाही. ती रद्द करून दुरुस्त प्रत काढावी लागते आणि रद्द झालेली नोंदही दिसत राहते. बँकेच्या वहीत खोडरबर चालत नाही, उलट नोंद करावी लागते, तोच हा न्याय. जयंतीच्या वर्गणीवरून गावोगावी किती मने दुखावली जातात हे आपण जाणतोच. पैसे कोणी खाल्लेले नसतात, पण वही एकाच्या घरी आणि खाडाखोड भरपूर, म्हणून संशय. पावती पक्की करण्याचा अधिकार कोषाध्यक्षाला, केवळ वाचण्याचा सर्व सभासदांना, असे भूमिकेप्रमाणे अधिकार फ्रॅपेमध्ये नुसत्या खुणा करून देता येतात.

एक सावधगिरी. फ्रेमवर्क पुष्कळ गोष्टी झाकून ठेवते. पायथनमधील क्लास आणि डेटाबेसमधील टेबल म्हणजे काय हे न शिकता जो थेट इथे येतो, त्याला पहिली चूक आली की काहीच सुचत नाही. पडद्यावर लांबलचक लाल मजकूर आला तर घाबरू नये; सर्वांत शेवटची ओळ आधी वाचावी, चूक काय ते बहुधा तिथे असते. मग वर सरकत आपल्या फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक शोधावा. इंग्रजी कच्चे असले तरी ही ओळ रोज वाचून अंगवळणी पडते.

ग्रंथालय चालू झाले की पुढचा सराव म्हणून 'वर्गणी पावती' हा डॉकटाइप करून पाहावा : पावती क्रमांक आपोआप पडणारा, रक्कम 'करन्सी' प्रकारची, तारीख सक्तीची, रक्कम शून्य असेल तर व्हॅलिडेटमध्ये अडवलेली. महिनाअखेर पक्क्या पावत्यांची बेरीज काढून ती मंडळाच्या पासबुकातील जमेशी ताडून पाहावी.