घरचे अन्न आणि त्याची आठवण : लेखनाचा एक पाठ

(इयत्ता : चौथी व पाचवी. विषय : मराठी लेखन व परिसर अभ्यास. तासिका : तीन.)



निबंधाच्या तासाला 'माझा आवडता पदार्थ' हा विषय आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा दिलेला असेल. विषय सोपा आहे, मुलांच्या परिचयाचा आहे आणि त्यात त्यांना आनंद वाटेल, असे आपण गृहीत धरतो. या गृहीताने मला एकदा चांगलाच धडा दिला. तो प्रथम सांगतो. कारण प्रस्तुत पाठाची मांडणी त्यातूनच झाली आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका खेड्यातील शाळेत मी हा विषय दिला. वह्या तपासावयास घेतल्या, तेव्हा बहुतेक वह्यांत श्रीखंड होते आणि वाक्येही बहुधा तीच ती होती. त्या गावात श्रीखंड फार थोड्या घरी होत असे. हा पदार्थ मुलांच्या ताटातून आला नव्हता, मार्गदर्शक पुस्तकातून आला होता. एका मुलीने मात्र चार ओळी निराळ्या लिहिल्या होत्या. तिला कण्यांची पेज आवडते. ताप आला असता माय तिला चुलीपाशी मांडीवर घेऊन ती पाजीत असे. पेजेत मीठ पडले की वाफेचा वास बदलतो, असे तिचे निरीक्षण होते. मी ते वर्गात वाचून दाखविले. 'पेज' हा शब्द ऐकताच वर्ग हसला आणि त्या हशाला आवर घालण्याऐवजी मीही किंचित हसलो. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने मार्गदर्शकातीलच वाक्ये लिहिली. ती शुद्ध होती, पण त्यांत ती मुलगी कोठेच नव्हती. वर्गातील एकच खरा निबंध माझ्या हातून बंद पडला.

पुष्कळ विचारान्ती माझ्या ध्यानी आले की, दोष प्रश्नाच्या रचनेतही होता. 'आवडता पदार्थ कोणता?' असे विचारले म्हणजे मूल प्रतिष्ठेचा पदार्थ शोधू लागते आणि घराघरांची तुलना सुरू होते. 'कोणते अन्न खाताना तुला कोणाची आठवण येते?' असे विचारले, तर मूल स्वतःच्या घरात शिरते. पदार्थांत श्रीमंती व गरिबी असते. आठवणीत प्रत्येक मुलाजवळ काही तरी स्वतःचे असते. या एका बदलावर पुढील तीन तासिका उभ्या आहेत.

पहिली तासिका : रुची, गंध व स्मृती

पाठाचा आरंभ एका लहान प्रयोगाने करावा. थोडी बडीशेप बारीक कुटून तीत साखर मिसळावी. मुलांना डोळे मिटून नाक चिमटीत धरावयास सांगावे व चिमूटभर मिश्रण जिभेवर ठेवावे. विचारावे, 'काय लागते?' मुले 'गोड' एवढेच सांगतील. आता नाक मोकळे करावयास सांगावे. त्याच क्षणी बडीशेप ओळखू येते आणि वर्गात आनंदाची कुजबूज होते. ज्यांना सर्दी किंवा खोकला असेल, त्यांना या प्रयोगातून वगळावे.

प्रयोगाचा अर्थ असा : जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा थोड्याच चवी कळतात. आपण ज्याला 'चव' म्हणतो, तिचा मोठा भाग घशाच्या मागील बाजूने नाकात जाणाऱ्या गंधाचा असतो. डोळे व कान यांचे संदेश मेंदूतील एका मधल्या केंद्रातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र भावना व स्मृती यांच्याशी संबंधित अशा मेंदूच्या भागांपर्यंत अधिक थेट पोहोचतात. म्हणूनच फोडणीचा एखादा वास नाकाशी आला की वीस वर्षांपूर्वीचे घर डोळ्यांपुढे उभे राहते. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांच्या विख्यात कादंबरीचा पहिला खंड १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात चहात बुडविलेल्या केकच्या एका घासाने नायकाला त्याचे सारे बालपण परत मिळते. आपल्या मुलांच्या बाबतीत हे काम आंबिलीचा किंवा मोहफुलांचा वासही तितक्याच समर्थपणे करील.

तासिकेच्या शेवटी शिक्षकाने स्वतःची एक आठवण सांगावी. ती खरी असावी व साध्या अन्नाची असावी. गुरुजींच्या वा बाईंच्या घरीही शिळा भात खाल्ला जात असे, हे कळल्यावर मुलांच्या मनावरील अर्धे दडपण दूर होते.

आपल्या परिसरातील सामग्री

दिघोरी व तिच्या आसपासच्या गावांतील शिक्षकांना या पाठासाठी सामग्री बाहेरून आणावी लागत नाही. भंडारा हा धानाचा व तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने खोदलेल्या जुन्या तलावांनी व गावोगावच्या बोड्यांनी येथील बांध्यांना पाणी पुरविले, आणि त्याच पाण्याने मासे व शिंगाडेही दिले. मुलांकडून पुढील क्रमाने माहिती काढून घ्यावी.

शेतीच्या हंगामाप्रमाणे : रोवणीच्या दिवसांत बांधीवर कोणती शिदोरी जाते? ती कोण नेते? पऱ्हे हातात घेऊन चिखलात उभे राहिलेल्या माणसाला कोणते अन्न गोड लागते? धान घरी आल्यावर नव्या तांदळाचा पहिला भात कोणासमोर ठेवतात? जुनी माणसे चिन्नोर, लुचई अशा धानांची नावे घेतात. त्यांचा वास कसा वर्णितात?

रानाच्या हंगामाप्रमाणे : पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी भाजी, त्यानंतर बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले, पुढे चारोळी. या वस्तू कोण वेचून आणते व कोणत्या वेळी, हे मुलांना बहुधा आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

सणांप्रमाणे : पोळ्याचे वडे, तांदळाच्या पिठाचे आयते, आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या दिवसांत पाहुण्यांसाठी होणारा स्वयंपाक. रात्री दंडार किंवा नाटक पाहून परतल्यावर चुलीपाशी झाकून ठेवलेले अन्न ही झाडीपट्टीतील अनेक घरांची आठवण आहे.

येथे भाषेविषयी एक सूचना. कोथिंबिरीस सांभार, टोमॅटोस भेदरे, वालाच्या शेंगांस पोपट असे शब्द मुले वापरतील. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' व 'ळ'च्या जागी 'र' येतो, त्यामुळे लिहिताना 'पानी', 'डोरा' अशी रूपे उमटतील. पहिल्या लेखनात त्यांवर तांबडी रेघ ओढू नये. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास करून तिचे मोल दाखवून दिले आहे. घरच्या अन्नाची आठवण घरच्या शब्दांत येते. प्रमाण रूप दुसऱ्या लेखनात शेजारी लिहून दाखवावे.

दुसरी तासिका : घरी विचारावयाचे प्रश्न

पहिल्या तासिकेनंतर मुलांना एक दिवस द्यावा. घरातील वडीलधाऱ्या माणसापाशी, शक्य तर आजीपाशी, बसून त्यांनी पाच प्रश्न विचारावेत :

१. आजी, तू लहान असताना तुझ्या मायच्या हातचे काय तुला फार आवडे?
२. ते कसे करीत? चूल, भांडे, जळण कोणते असे?
३. ते आता आपल्या घरी होते काय? होत नसेल तर का?
४. घरात अन्न कमी पडले, असे दिवस तू पाहिलेस काय? तेव्हा काय खाल्ले?
५. ते खाताना तुला कोणाची आठवण येते?

चौथा प्रश्न नाजूक आहे, तरी तो वगळू नये. १९७२ च्या दुष्काळात राज्यातील अनेकांनी परदेशातून आलेली मिलो ज्वारी व दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी खाल्ली. ज्यांनी ती खाल्ली, त्यांना तिची चव अद्याप आठवते. अन्नाची स्मृती ही भरल्या घराचीच मिरास नाही. दुसऱ्या महायुद्धात तेरेझीन येथील नाझी छावणीत उपाशी ठेवलेल्या ज्यू स्त्रियांनी आपल्या घरच्या पदार्थांच्या कृती आठवून आठवून कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहिल्या. त्यांतील मिना पेख्टर या १९४४ साली तेथेच मरण पावल्या. त्यांनी मागे ठेवलेले ते हस्तलिखित सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांच्या मुलीच्या हाती पडले आणि १९९६ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ज्या हातांना शिजविण्यास काही उरले नव्हते, त्यांनीही आपले घर पाककृतींच्या रूपाने जपून ठेवले. ही हकीकत मुलांना थोडक्यात सांगण्याजोगी आहे.

मुले माहिती घेऊन आली की फळ्यावर दोन रकाने करावेत : 'आजीच्या वेळी' व 'आज'. पदार्थांची नावे लिहीत असताना लाखोरीचा उल्लेख बहुतेक येईलच. धान कापणीपूर्वी उभ्या धानात लाखोरीचे बी फेकतात व उरलेल्या ओलाव्यावर ती वाढते. तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी व तिची डाळ या भागात पिढ्यान्पिढ्या खाल्ली गेली. या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. अन्य अन्न न मिळता महिनेच्या महिने मुख्यतः लाखोरीच खावी लागली, तर पाय लुळे पडण्याचा रोग होतो. म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर निर्बंध आले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषारी द्रव्याचे प्रमाण घटते, आणि 'रतन', 'प्रतीक' यांसारखे कमी विषाचे वाणही पुढे संशोधकांनी तयार केले. ही माहिती शिक्षकाने शांतपणे द्यावी. 'तुमच्या घरी वाईट अन्न खातात' असा अर्थ तिच्यातून निघता कामा नये. रोगाचे मूळ दारिद्र्यात व एकाच अन्नावर राहण्यात होते. ते शिजविणाऱ्या मायचा त्यात अपराध नव्हता.

तिसरी तासिका : लेखन

लेखनापूर्वी साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकातील 'अळणी भाजी' हा प्रसंग आपल्या शब्दांत सांगावा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात आईच्या हातून भाजीत मीठ घालावयाचे राहते. वडील व मुले काही न बोलता जेवतात. आई स्वतः जेवावयास बसते, तेव्हा तिला ते कळते. मुलांना विचारावे, 'या गोष्टीत पदार्थ कोणता, हे महत्त्वाचे आहे काय? मग आपल्या लक्षात काय राहते?' उत्तर मुलेच देतील. बेचव भाजीसुद्धा आयुष्यभर स्मरणात राहू शकते. कारण ती कोणी केली व कोणी कशी खाल्ली, याला मोल असते.

त्यानंतर मुलांनी दहा ओळी लिहाव्यात. विषय फळ्यावर असा लिहावा : 'हे अन्न आणि ते माणूस'. चार खुणा द्याव्यात : स्थळ, वेळ, वास, हात. कृती पूर्ण लिहिण्याचा आग्रह नसावा.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

कोणाचेही लेखन त्याच्या संमतीवाचून मोठ्याने वाचू नये. कोणाच्या ताटात मासे असतील, कोणाच्या कण्या असतील, कोणाच्या घरी सणालाही गोड होत नसेल. जातीवरून वा आहारावरून एक शब्दही निघाला, तर पाठ तेथेच थांबवून त्या शब्दाविषयी बोलावे. ज्या मुलाची आई हयात नाही किंवा कामासाठी परगावी गेली आहे, त्याला आदल्या दिवशी बाजूस घेऊन सांगावे की, अन्न देणारा हात बापाचा, आजीचा, शेजारणीचा, कोणाचाही असू शकतो. मुलगे व मुली यांना प्रश्न सारखेच द्यावेत. चुलीपाशी कोण किती वेळ बसते, हे मुलग्यांनीही मोजून पाहावे.

शाळेत दुपारचे जेवण शिजविणाऱ्या ताईंना या तासाला सन्मानाने बोलवावे. शालेय पोषणाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि मुलांना शिजविलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. एका पंक्तीत बसून खाल्लेली ती खिचडी आजच्या मुलांची उद्याची आठवण आहे. ती कोणाच्या हातची होती, हे त्यांना ठाऊक असावे.

मूल्यमापन व स्वाध्याय

गुण देताना तीन गोष्टी पाहाव्यात : स्वतः पाहिलेली एक तरी बारीक गोष्ट लेखनात आहे काय, कोणा एका माणसाचे श्रम त्यात दिसतात काय, आणि दुसऱ्याचे लेखन मुलाने आदराने ऐकले काय. स्वाध्याय म्हणून, पुन्हा न होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती आजीकडून विचारून वहीत उतरून घ्यावी. वर्षाच्या शेवटी अशा कृती एकत्र शिवल्या, म्हणजे शाळेजवळ गावाचे एक छोटे पुस्तक तयार होईल.

मी ज्या मुलीविषयी आरंभी लिहिले, तिचे ते चार ओळींचे पान माझ्यापाशी नाही. तशी पाने प्रत्येक वर्गात लिहिली जाण्याची वाट पाहत असतात. ती हाती आली, तर आपण हसू नये आणि कोणास हसू देऊ नये, एवढे तरी या पाठाने साधावे.