चिप आधी, लस नंतर

मनू, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला बराच वेळ झोप लागली नाही. "ताई, सोळा दिवसांनी माझं लंडनचं विमान आहे, बुंदीला इथे टाकून कशी जाऊ गं?" असं तू म्हणालीस, आणि मागून तिचं कुंईकुंई ऐकू येत होतं. भर पावसात पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडलेलं ते ओंजळभर पिल्लू तीन आठवड्यांत तुझं होऊन बसलंय. मला वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याच पार्किंगमधून मी काळूला उचललं होतं, आणि आज तो इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगला माझ्या पायाशी घोरतोय.

म्हणून आधी एक शब्द दुरुस्त करू. तू तिला टाकून जाणार नाहीस, काही महिने ठेवून जाणार आहेस. या दोन शब्दांमधलं अंतर तुला कळलं की पुढचं सगळं सोपं होईल.

आता दुसरी गोष्ट, जी तू फोनवर अगदी हळू आवाजात सांगितलीस. तुला कुणीतरी म्हणालं की मागच्या तारखेचं लसीचं कार्ड करून मिळतं, थोडे पैसे टाकले की महिनाभरात कुत्रं विमानात. मनू, हे करायचं नाही. मनातही आणायचं नाही. मी रागावून बोलत नाहीये, पण यावर माझा ठाम नकार आहे. का, ते नीट ऐक.

ब्रिटनने कुत्र्यांमधला रेबीज १९०२ सालीच संपवला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस घरी परतणाऱ्या सैनिकांनी आपल्या लाडक्या कुत्र्यांना लपवूनछपवून सोबत आणलं. खंदकांमध्ये ज्यांच्या ऊबेने रात्री काढल्या, त्यांना मागे कसं सोडायचं? तुझ्याइतकंच प्रेम होतं गं त्यांचं. पण १९१८ मध्ये त्याच वाटेने रेबीज परत आला आणि तो पुन्हा हद्दपार व्हायला १९२२ उजाडलं. पुढे कित्येक दशकं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनच्या पिंजऱ्यात काढावे लागायचे. मालकांनी जाळीबाहेरून भेटायचं आणि घरी जाऊन रडायचं.

एवढं करूनही १९६९ मध्ये कॅम्बर्लीला एक कुत्रा सहा महिने पूर्ण करून घरी आला आणि त्यानंतर पिसाळला. म्हणजे नुसतं कोंडून ठेवणं हा पक्का उपाय नव्हताच. पुढे २००० साली नियम बदलायला लागले. चिप, लस आणि रक्ततपासणी यांच्या आधारावर प्राण्याला थेट घरी नेता येऊ लागलं. सुरुवातीला ही सोय मोजक्या देशांसाठीच होती. भारतासारख्या देशातून येणाऱ्या कुत्र्यांनाही ती मिळाली २०१२ पासून. काळू त्यानंतर आला, म्हणून त्याने पिंजरा पाहिला नाही.

हे सगळं का सांगतेय? तुला जी 'वाट बघायला लावतात' असं वाटतंय, ती वाट आता बुंदी आईच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून बघणार आहे. पूर्वी हीच वाट परक्या देशातल्या पिंजऱ्यात बघावी लागायची. नियमाने तिच्यावर केलेली ही केवढी मोठी कृपा आहे! खोट्या कार्डाने ती घालवू नकोस. विमानतळावर कागद जुळले नाहीत तर तिला चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात किंवा परत पाठवतात, आणि सगळा खर्च तुझ्या माथी. आणि पकडली गेलीस की नाही हा प्रश्न बाजूला ठेव. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के आपल्या देशात होतात. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की त्यातून जवळजवळ कुणीच वाचत नाही. तुझ्या खालच्या मजल्यावर दोन लहान मुलं राहतात ना? मग झालं तर.

आता कामाचं. वही घे.

पहिली चिप, मग लस. हा क्रम पाटीवर लिहून ठेव. मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, मानेजवळ सुईने कातडीखाली बसवतात. ती आयएसओ मानकाची, पंधरा आकडी असली पाहिजे. रेबीजची लस चिप बसवल्यानंतर किंवा त्याच दिवशी, पण आधी चिप आणि मग लस, अशीच हवी. चिपच्या आधी दिलेली लस हिशेबात धरतच नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा नसतो.

मी इथेच ठेच खाल्लीय. काळूला एका शिबिरात लस दिली होती, कार्ड व्यवस्थित होतं, शिक्का होता. चिप मी दोन महिन्यांनी बसवली. रक्त काढायची वेळ आली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन्ही तारखा बघितल्या आणि मान हलवली. डिसेंबरचं तिकीट रद्द झालं, सगळं पहिल्यापासून सुरू. मी जिन्यात बसून रडले. आई काही बोलली नाही. तिने कालनिर्णय खाली काढलं आणि नवीन तारखांवर लाल पेनाने गोल केले. तेव्हा मला कोणी आधी सांगितलं असतं तर! म्हणून तुला सांगतेय.

लसीसाठी बुंदीला निदान १२ आठवडे पूर्ण व्हायला हवेत. दातांवरून डॉक्टर तिला दहा आठवड्यांची म्हणतात, तेव्हा घाई नको. त्यांनी ठरवलेली जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकसारखी येऊ दे. तुझ्या विमानाआधी चिप आणि लस दोन्ही तुझ्यासमोर होतील, तेवढे दिवस हातात आहेत. सुई टोचण्याआधी चिप स्कॅनरवर वाचायला सांग आणि तो आकडा तू स्वतः कार्डाशी ताडून बघ. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी पुढे हीथ्रोला गोंधळ होतो.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. लसीचा दिवस शून्य धरायचा, हं. ते रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासलं गेलं पाहिजे, म्हणून नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेचं नाव यादीत आहे ना ते बघ. अँटिबॉडीचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आययू किंवा त्याहून जास्त आलं की पास. लहान पिल्लांमध्ये एका लसीवर कधीकधी तेवढं प्रमाण येत नाही. दुसरा डोस द्यावा का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. दिला, तर ३० दिवस त्या डोसापासून मोज, म्हणजे शंकाच नको.

आणि रक्त काढलं त्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. अहवाल आल्याच्या तारखेपासून नव्हे. समज १ जूनला लस दिली, १ जुलैला रक्त काढलं, तर १ ऑक्टोबरपासून पुढे प्रवास. हे तीन महिने कशासाठी, असं तू विचारलंस. बघ, रस्त्यावरच्या पिल्लाला लसीच्या आधीच पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असू शकतं. रेबीज अंगात शिरला की बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत डोकं वर काढतो. रक्त सांगतं की लस लागू पडली. रोग आधीपासून अंगात दडून बसलेला नाही ना, ते हे महिने सांगतात. म्हणून यातलं एकही गाळता येत नाही.

या दिवसांत रेबीजच्या बूस्टरची तारीख एका दिवसानेही चुकवायची नाही. चुकली तर लस, रक्त, थांबणं, सगळं पुन्हा. आईला लाल पेन आणून दे.

आता तुझा सगळ्यात नाजूक प्रश्न. तू लंडनला आणि ती पुण्यात, मग आणायचं कसं? घरचा पाळीव प्राणी म्हणून आणायचं असेल तर तुझ्या आणि तिच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ते वाढलं, किंवा तिला कुणाच्या तरी हवाली करायला आणलं जातंय असं झालं, तर ती व्यापारी आयात धरतात आणि त्याचे नियम निराळे, जास्त कडक. तेव्हा एक तर तू स्वतः आणायला ये, नाहीतर आईबाबांना तुझ्याकडे यायचंच आहे, त्यांच्यापैकी एकाला तू लेखी अधिकार दे आणि त्यांच्यासोबत ती येऊ दे, पण तेव्हाही तुझा स्वतःचा प्रवास तिच्या प्रवासापासून पाच दिवसांच्या आत हवा. मला विचारशील तर तूच ये. ऑक्टोबरमध्ये पुण्याचा उन्हाळाही नसतो. कडक उन्हात बऱ्याच विमान कंपन्या प्राणी घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

ब्रिटनमध्ये विमानाने येणारं कुत्रं मालकासोबत केबिनमध्ये येत नाही, सामान म्हणूनही येत नाही. फक्त नोंदणीकृत कार्गो म्हणून येतं. 'कार्गो' ऐकून तुझ्या पोटात गोळा आला असेल. माझ्याही आला होता. पण जिवंत प्राण्यांना जिथे ठेवतात त्या भागात हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं. हीथ्रोला उतरल्यावर प्राणी थेट ॲनिमल रिसेप्शन सेंटरला जातात. तिथली माणसं दिवसभर हेच काम करतात. काळू हातात यायला काही तास लागले. त्यांनी त्याला पाणी पाजलं होतं, फिरवलं होतं, आणि कागदांवर नाव वाचून त्याला 'कालू, कालू' म्हणत होते. काही जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला उतरून तिथून गाडीने चॅनल टनेलमार्गे येतात. तो मार्ग आहे, पण मग युरोपचे आणि ब्रिटनचे असे दोन्हीकडचे कागद लागतात. पहिल्याच खेपेला तू ते ओझं घेऊ नकोस.

शेवटच्या दहा दिवसांची कामं वेगळी लिही. ब्रिटनचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी मान्यता असलेल्या पशुवैद्याकडून, पोचण्याच्या आधी १० दिवसांच्या आत. भारतातून बाहेर पडायला केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाइन सेवेचं प्रमाणपत्र, त्यांचं केंद्र मुंबईत आहे. पट्टकृमींचं औषध डॉक्टरांच्या हातून, पोचण्याच्या आधी २४ ते १२० तासांच्या मध्ये. हे नुसतं द्यायचं नाही, वेळेसकट प्रमाणपत्रावर नोंदवून घ्यायचं. याखेरीज नियमात नसलेली एक गोष्ट माझ्या आग्रहाखातर कर. गोचीड तापाची रक्ततपासणी करून घे. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या पिल्लांना तो असतो, आणि इथल्या डॉक्टरांच्या तो पटकन लक्षात येत नाही.

पिंजरा मात्र आजच आण. ती मोठी होणार आहे, तेव्हा सात महिन्यांच्या बुंदीला उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढा. दार काढून तो हॉलमध्ये ठेव. जेवण त्यातच दे, दुपारची झोपही त्यातच होऊ दे. प्रवासाच्या दिवसापर्यंत ते तिचं घर झालं पाहिजे. आत आईची जुनी सुती साडी घाल, न धुतलेली. पाण्याचं भांडं आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेव, म्हणजे बर्फ हळूहळू वितळतो, सांडत नाही. आणि कुणी कितीही सांगितलं तरी झोपेचं औषध देऊ नकोस. वरच्या हवेत त्याने श्वासाला त्रास होतो.

लंडनचंही बघून ठेव. घरमालकाची परवानगी आधी घे, आणि ती लेखी घे. बुंदी येताच तिची चिप इथल्या नोंदवहीत तुझ्या पत्त्यावर चढव. पट्ट्यावर तुझं नाव-पत्ता हवा, तसा इथला कायदाच आहे. आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर इथे फटाके असतात. पहिले काही आठवडे तिला एक क्षणही मोकळी सोडू नकोस. बिचकलेली देशी कुत्री वाऱ्यासारखी पळतात. काळू एकदा हातातून सुटला होता, त्या चाळीस मिनिटांत माझं काय झालं ते माझं मला माहीत.

खर्चाचं खोटं सांगणार नाही. काळूचं भाडं माझ्या तिकिटापेक्षा जास्त झालं होतं. पैसे जुळत नसतील, किंवा दिवसाचे दहा तास तिला एकटीला खोलीत काढावे लागणार असतील, तर तिला आईजवळच राहू दे. त्यात तुझं प्रेम कमी पडलं असं होत नाही. बाबा तिला टेकडीवर नेतील, आणि ती पुण्याची कुत्री म्हणून सुखात जगेल. हा विचार या सोळा दिवसांत कर, पुढच्या चार महिन्यांत नको. एकदा ठरवलंस की मग मागे वळायचं नाही.

तुला वाटतंय की ती तुला विसरेल. मलाही वाटायचं. मी काळूला सोडून आले तेव्हा तो हातभर होता, आणायला गेले तेव्हा गुडघ्याच्या वर आला होता. दारात उभी राहिले तर आधी भुंकला. मग माझ्या चपलेचा वास घेतला, आणि त्यानंतर आईला त्याला माझ्या अंगावरून खाली उतरवायला अर्धा तास लागला. त्याच्या पिंजऱ्यात घातलेली आईची साडी अजून आहे. आता विटून तिचा रंगही सांगता येत नाही, पण काळू अजून तिच्यावरच झोपतो.

तर उद्या सकाळी दवाखान्यात जा. स्कॅनर कुठल्या चिपा वाचतो ते विचार, आणि दोन आठवड्यांनंतरची वेळ घेऊन ये. संध्याकाळी मला तारीख सांग, मीही इथे माझ्या कालनिर्णयवर गोल करते.