पांढऱ्या रंगाचा डाग : कॉमिकचं मूळ पान आणि आपण

आमच्या घरी हॉलमध्ये एक कॉमिकचं पान फ्रेम करून लावलं आहे. सहा चौकटी आणि त्यात माझे आजोबा. वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे, पावसात भिजत घरी येणारे, आणि शेवटच्या चौकटीत ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवणारे. घरी येणारा प्रत्येक जण कौतुक करतो. पण ते मूळ चित्र नाही, प्रिंट आहे. मूळ पान माझ्या हातात आलं होतं आणि मी ते स्वतःच परत दिलं. का दिलं आणि त्यात काय गमावलं, हे नंतर वाचताना कळत गेलं. तेच इथे मांडते.

मूळ पान म्हणजे काय?

आपण वाचतो ते कॉमिक म्हणजे छापील प्रत. तिच्यामागे कलाकाराने हाताने काढलेलं पान असतं. अमेरिकन कॉमिक्समध्ये साधारण १९६७ पासून ११ बाय १७ इंचांचा जाड कागद रूढ झाला. छपाईत चित्र लहान होतं, त्यामुळे रेषा जास्त नेटक्या दिसतात. आधी पेन्सिलीने चित्र काढायचं, मग त्यावर शाई चढवायची. ही दोन कामं बऱ्याचदा दोन वेगळे कलाकार करतात. काही जण कच्च्या रेषा फिकट निळ्या पेन्सिलीने काढतात, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नसे. चूक झाली तर पांढरा रंग लावायचा, नाहीतर कागदाचा तुकडा कापून वर चिकटवायचा. हे सगळं मूळ पानावर दिसतं, छापील पानावर दिसत नाही.

आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, त्यामुळे हे आपल्याला नवं वाटू नये. ज्ञानेश्वरीची ज्ञानेश्वरांच्या वेळची प्रत आपल्याकडे नाही, म्हणून तर आपण पाठभेदांवर इतका वेळ घालवतो. कवीच्या वहीतला खोडलेला शब्द सापडला तर आपण त्यावर निबंध लिहू. कॉमिकच्या पानावरचा पांढरा डाग हाही तसाच खोडलेला शब्द आहे. कलाकाराने आधी काय ठरवलं होतं आणि मग काय बदललं, याचा तो पुरावा.

पान कुणाचं?

बरीच वर्षं अमेरिकेतले प्रकाशक ही पानं कच्चा माल समजत. छपाई झाली की पडून राहायची, हरवायची, कुणीतरी घेऊन जायचं. सत्तरच्या दशकात ती कलाकारांना परत देण्याची पद्धत सुरू झाली. जॅक कर्बी या मोठ्या कलाकाराला मात्र त्यासाठी मार्व्हल कंपनीशी भांडावं लागलं. त्याने मार्व्हलसाठी दहा हजारांवर पानं काढली होती. १९८७ मध्ये त्यातली साधारण दोन हजारच त्याच्या हातात पडली.

आज हीच पानं कलाकाराच्या उत्पन्नाचं एक साधन आहेत. पूर्ण पानभर एकच दृश्य असेल तर किंमत जास्त, नुसत्या बोलण्याच्या चौकटी असतील तर कमी. मुखपृष्ठ सहसा सगळ्यात महाग. 'स्पायडरमॅन'ची पहिली कथा १९६२ मध्ये आली. स्टीव्ह डिटकोने काढलेली त्या अंकाची २४ मूळ पानं २००८ मध्ये कुणीतरी नाव न सांगता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. आता कुणीही अभ्यासक ती पाहू शकतो. संग्राहक असाही असतो.

दुसरं उदाहरण 'टिनटिन'चं. हर्जेने १९३६ मध्ये 'द ब्लू लोटस'साठी एक मुखपृष्ठ रंगवलं. छपाई खर्चिक पडेल म्हणून ते वापरलं गेलं नाही. हर्जेने ते प्रकाशकाच्या लहान मुलाला भेट दिलं आणि ते घडी घालून ठेवलं गेलं. २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते सुमारे ३२ लाख युरोंना गेलं. घड्यांच्या खुणा चित्रावर तशाच होत्या.

चित्र सांगून काढून घेणं

आता माझी गोष्ट. आजोबा गेल्यावर मी एका चित्रकार दादांना भेटले. ठरलेल्या पैशांतले निम्मे आधी दिले, घरातले वीसेक फोटो दिले आणि म्हटलं, "दादा, काहीतरी छान करा." आराखडा कधी दाखवणार, बदल किती वेळा करणार, यातलं काहीच ठरवलं नाही. शाई चढवून झाल्यावर मला आजोबांची मिशी चुकीची वाटली. त्यांनी मुकाट्याने पांढरा रंग लावला आणि मिशी पुन्हा काढली. पान हातात घेतलं तर मिशीभोवती रंगाचा जाड थर दिसत होता. मी म्हटलं, "हे डागाळलंय. मला स्वच्छ पाहिजे."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग पान स्कॅन करून, साफ करून त्याची सुंदर प्रिंट मला दिली. उरलेले पैसे घेतले नाहीत. मूळ पान त्यांच्याकडेच राहिलं. चार महिन्यांनी मी लाजत विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, तुला नको होतं ना? ट्रम्पेट शिकणारा एक मुलगा घेऊन गेला." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी स्वच्छ मागितलं, त्यांनी स्वच्छ दिलं.

म्हणून तुम्ही कुणाला चित्र सांगणार असाल तर कामाला लागण्याआधी एवढं लिहून ठरवा: कागदाचा आकार, पात्रं किती, पेन्सिल, शाई की रंग, आगाऊ रक्कम, तारीख. मुख्य म्हणजे बदल पेन्सिलच्या टप्प्यावरच सांगा. शाईनंतरचा बदल म्हणजे नवीन काम, त्याचे पैसे वेगळे. आणि हातात मूळ पान मिळणार की फाइल, हे विचाराच. आता बरेच जण टॅबलेटवर काढतात, तिथे मूळ कागद नसतोच. "तुमची प्रसिद्धी होईल" असं सांगून फुकट काम मागू नका. आपल्या मंडळालाही हे लागू आहे.

कायदा काय म्हणतो?

तयार पान विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं नाही. तो हक्क लेखी घ्यावा लागतो. मोबदला देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचं वेगळं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर अशा पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. वाद नको असेल तर तेही लिहून ठेवलेलं बरं. पण हक्क कुणाचाही असो, हे चित्र मी काढलं असं सांगण्याचा कलाकाराचा अधिकार कलम ५७ ने राखला आहे. म्हणून चित्राखालची सही कापून पोस्टर करू नये. आपण मागे केलं आहे.

जपायचं कसं?

लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडतो. बेळगावच्या पावसात बाहेरच्या ओल्या भिंतीवर फ्रेम लावू नका. उन्हात मार्करचे रंग उडतात. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि फ्रेम केलीच तर काच चित्राला टेकू देऊ नका.

मागच्या महिन्यात मी त्याच दादांकडे पुन्हा गेले. या वेळी एकच चौकट सांगितली, पेटीत ट्रम्पेट ठेवणारे आजोबा. पेन्सिलचा आराखडा पाहिला आणि मिशी तेव्हाच तपासली. निघताना म्हटलं, "दादा, कुठे पांढरा रंग लावावा लागला तर लावा. तसंच द्या." ते हसले आणि आगाऊ पैशांची पावती लिहायला लागले.

पान अजून यायचं आहे. आलं की मंडळाच्या बैठकीत घेऊन येते. कुणाकडे घरातल्या माणसाने हाताने काढलेलं किंवा लिहिलेलं काही असेल तर तेही आणा, खाडाखोडीसकट.